किती पॉइंट झाले?

"काय बार्शीकर, किती पॉइंट झाले?"

इटलीहून परत येऊन हॉस्टेलच्या पायरीवर बॅग टेकवतो न टेकवतो तोच हा प्रश्न आला. मग मेसमध्ये आला, डिपार्टमेंटच्या जिन्यात आला, लॅबमध्ये तर असिस्टंटनेही विचारला. काय खाल्लंत, माणसं कशी आहेत, हे सगळं नंतर. आधी स्कोअर! मी म्हटलं, "फ्लोरेन्समध्ये ना? अडीच." त्यावर जो हशा पिकला तो अजून पुरता थांबलेला नाही. आमच्या आधी गेलेल्या पोरांनी म्हणे त्याच गावात एका दिवसात अकरा केले होते.

मित्रहो, हा लेख त्या अडीचच्या बाजूने आहे.

आता आधीच कबूल करतो, मी काही जन्माचा संथ माणूस नव्हे. त्या दिवसाची यादी मीच केली होती. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर आम्ही चौघे सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी उत्तर इटलीत गेलो होतो. मी मेकॅनिकलचा, निपाणीकर सिव्हिलचा, गडहिंग्लजकर इलेक्ट्रिकलचा, आणि चौथा आमचा पेठकर. हा शिवाजी पेठेतला. कागदोपत्री डे स्कॉलर, पण झोपायला तेवढा घरी, बाकी चोवीस तास हॉस्टेलवर. (खरी नावं मुद्दाम देत नाही. घरी अजून सगळा हिशेब दिलेला नाही.) शनिवार-रविवार सुटी असायची. एका शनिवारी पहाटेच्या गाडीने फ्लोरेन्सला जायचं ठरलं. मी एक्सेल शीट काढून दिवस आखला. नऊ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, मधल्या चालण्याला किती, जेवणाला वीस मिनिटं. ओरलला आलेला एक्स्टर्नलसुद्धा एवढा कडक नसतो!

आणि आदल्या रात्री गडहिंग्लजकर जिन्यावरून उतरताना पाय मुरगळून बसला. सकाळी घोटा टम्म सुजलेला.

तेव्हा मी काय बोललो ते लिहितोच. मी म्हटलं, "तू खोलीवरच थांब. आम्ही बघून येतो, फोटो दाखवतो." माझं गणित सरळ होतं. तिकिटांचे पैसे भरलेले, वडिलांनी कर्ज काढलेलं, परत युरोपात कधी येणार? एकासाठी तिघांनी दिवस का घालवायचा? तो काही बोलला नाही. बुटाची लेस पार ढिली केली, पाय आत सरकवला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. पेठकर म्हणाला, "गडी येतोय भावा. गप चल."

तर असा तो दिवस सुरू झाला. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्याच माझी शीट अर्धा तास मागे पडली होती. मी सगळ्यांच्या दहा पावलं पुढे, मनातल्या मनात धुमसत.

पहिलं ठिकाण म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथेड्रलचा घुमट. वर चढायला ४६३ पायऱ्या. तिकिटं आधीच काढलेली, वेळ ठरलेली. गडहिंग्लजकर चढणार नव्हता हे उघडच होतं, आणि त्या गर्दीत त्याला एकटं सोडणंही बरं दिसेना. "तुम्ही जावा की, मी बसतो हितंच," तो म्हणत होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. थांबायची चिठ्ठी माझीच निघाली! निपाणीकर आणि पेठकर रांगेत गेले. मी तोंड पाडून त्याच्याशेजारी बसलो.

आम्ही बसलो होतो त्या बाजूलाच एका इमारतीच्या भिंतीत ब्रुनेलेस्कीचा पुतळा आहे. हा घुमट बांधणारा तोच. पुतळा बसलेला आहे, मांडीवर ड्रॉइंग, आणि मान वर करून तो आपलंच काम बघतोय. आमच्याकडे सबमिशन झालं की कोण आपल्या शीटकडे ढुंकून बघतं? हा बाबा मात्र अजून चेक करत बसलाय. त्याचं बघून आम्हीही वर बघायला लागलो.

गडहिंग्लजकरने विचारलं, "पण एवढं पडत कसं नाही?"

आता तो इलेक्ट्रिकलचा, त्याला मीच सांगणार. घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला. आतून जवळजवळ पंचेचाळीस मीटर रुंद. तेवढ्या रुंदीला जमिनीपासून लाकडी सांगाडा लावायचा तर लाकूड आणायचं कुठून? म्हणून यानं तो सांगाडा न लावताच बांधला. कवच एक नाही, दोन आहेत, एकात एक. वर चढणारी माणसं त्या दोन कवचांच्या मधून जातात. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या-उभ्या गुंफल्यात, म्हणजे चुना ओला असतानाही त्या घसरत नाहीत. आणि घुमटाचं वजन खालच्या कडेला बाहेर ढकलतं, म्हणून लाकडी पिंपाला लोखंडी पट्ट्या ठोकतात तशा दगडाच्या नि लाकडाच्या साखळ्या आत गोल फिरवल्यात. हे बोलता बोलता मी थांबलो. अरे, हा तर हूप स्ट्रेस! दुसऱ्या वर्षाला मी तो पाठ करून लिहिला होता आणि चांगले मार्कही घेतले होते. समजला मात्र तिथे, सुजलेल्या पायाच्या मित्राला समजावताना.

मग आठवलं, दुसऱ्या वर्षाला आपली ट्रिप विजापूरला गेली होती. गोलघुमट! १६५६ चा, बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ याच मापाचा. कोल्हापुरातून सकाळी निघालं की जेवायला पोचतो एवढ्यावर. तिथे आम्ही काय केलं? गॅलरीत जाऊन टाळ्या वाजवल्या, एकमेकांच्या नावाने बोंबललो, ग्रुप फोटो काढला, गाडीत बसलो. पुढचा पॉइंट होता ना!

तासाभराने दोघे खाली आले, घामाघूम आणि खूश. वरून सगळं शहर दिसतं म्हणाले. खोटं कशाला बोलू, वर गेलो नाही याची हळहळ मला अजून आहे. म्हणूनच तो घुमट मी अर्धाच मोजतो.

दुपारी हळूहळू नदीवर आलो. पोंते वेक्क्यो म्हणजे जुना पूल. १३४५ चा, तीन कमानींचा, आणि पुलावर दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. पूर्वी तिथे खाटीक बसायचे. १५९३ मध्ये तिथल्या राजाने त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. तेव्हापासून आजतागायत सोनारच. पेठकर म्हणाला, "म्हणजे गुजरीच की! नदीवर उचलून ठेवल्याली." दोन्ही बाजूंचे भाव विचारून झाले, घेण्यासारखं अर्थातच काही नव्हतं. कठड्याला टेकून आम्ही ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. वीस मिनिटांच्या जेवणाला दीड तास लागला.

गावात ठिकठिकाणी भिंतींवर छोट्या पाट्या आहेत, पुराच्या. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी गावात शिरली, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. काही पाट्या डोक्याच्या खूपच वर. पेठकरने एका पाटीखाली उभं राहून हात वर केला. त्याच्या मामाचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत आहे. २०१९ ला त्यांच्या घरात पाणी होतं, २०२१ ला परत. "मामानं भिंत रंगवली, रेघ गेली," एवढंच म्हणाला. ज्याला दिवसभर गप्प बसवायला आम्हाला दमछाक होते, तो पुढे बराच वेळ बोलला नाही.

इथपर्यंत माझ्या शीटमधली सहा ठिकाणं हुकली होती. मी फोन खिशात टाकला. निपाणीकर म्हणाला, "आता तुझं झालं असंल तर मला एक पूल बघायचाय. गावाच्या टोकाला हाय. कोण टुरिस्ट जात नाही तिकडं."

त्या पुलाचं नाव पोंते आल्लिंदियानो. इंडियनचा पूल! इंडियन म्हणजे कोण? निपाणीकर म्हणाला असेल कोलंबसचं काहीतरी. कोलंबस इटलीचाच, त्याने कुणालाही इंडियन म्हणून ठेवलंय. आम्हाला ते पटलं. फोनवर शोधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ट्रामने काशिने नावाच्या बागेपर्यंत गेलो. बाग कसली, नदीकाठाने साडेतीन किलोमीटर नुसती झाडी! पूल पार पलीकडच्या टोकाला. गडहिंग्लजकर चालणार कसा? मग एक भाड्याची सायकल घेतली, त्याला सीटवर बसवलं आणि आम्ही तिघे आळीपाळीने ढकलत निघालो. पळणारी माणसं हसत होती. दर दहा मिनिटांनी बाकड्यावर मुक्काम. अगदी रंकाळ्यावर संध्याकाळी टाइमपास करतो तसं. काय बोललो ते विचाराल तर काही आठवत नाही. चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट, मेसचं बिल, कुणाच्या बहिणीचं लग्न. एवढं मात्र आठवतं, की कधीतरी मी गडहिंग्लजकरला म्हणालो, "सकाळचं सोड." तो म्हणाला, "ढकल की नीट."

झाडी संपते तिथे पूल दिसला. १९७२ ते ७८ मध्ये बांधलेला, केबल-स्टेड, मधला गाळा दोनशे मीटरच्या आसपास. नदीत एकही खांब नाही. निपाणीकरचं तोंड असं उजळलं की त्याच्या घरच्यांनी बघायला हवं होतं. नेहमीच्या केबल-स्टेड पुलात मागच्या केबल पुलाच्याच डेकला बांधतात, त्यामुळे ओढाताण पुलाच्या अंगातच मिटते. इथे त्या जमिनीत गाडलेल्या अँकरला बांधल्यात. तंबूची दोरी खुंटीला बांधतो ना, तसं. या जातीचा जगातला हा पहिला मोठा पूल. निपाणीकर वाळूत काडीने बाणबिण काढून सांगत होता. हे आम्हाला क्लासमध्ये कुणी असं सांगितलं असतं तर... जाऊ दे.

पण इंडियन कोण, ते राहिलंच होतं. पेठकर एकटाच पुढे गेला होता. तिकडून त्याची हाक आली. हाक कसली, ओरडलाच. "अरं, या की हिकडं! लवकर!"

एक छत्री होती. आपल्याकडे राजघराण्यातल्या माणसाच्या समाधीवर असते तशी, चौथऱ्यावर खांब आणि वर घुमटी. खाली एका तरुणाचा अर्धपुतळा. डोक्याला पगडी, अंगावर दागिने, चेहरा अगदी कोवळा. फ्लोरेन्समध्ये! पेठकर इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून उभा होता. त्यात लिहिलं होतं, कोल्हापूर.

राजाराम छत्रपती, कोल्हापूरचे महाराज. इंग्लंडहून हिंदुस्थानला परत जाताना इथे वारले. ३० नोव्हेंबर १८७०. वय चालू एकविसावं.

मित्रहो, मी चार वर्षं कोल्हापुरात काढतोय. निपाणी आणि गडहिंग्लज काही लांब नाही. पेठकरचं तर विचारूच नका. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापासून कुस्तीपर्यंत कोल्हापूरवर लेक्चर द्यायला त्याला माईक लागत नाही. पण चौघांनाही हा माणूस माहीत नव्हता. राजाराम म्हटलं की आम्हाला शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र आठवणार, नाहीतर राजारामपुरीतल्या गल्ल्या. राजाराम कॉलेजच्या ग्राउंडवर आम्ही किती मॅच खेळलो! ते नाव कुणाचं, हा प्रश्न कधी पडला नाही. कॉलेज १८८० चं. नाव या मुलाचं.

मुलगाच म्हणायचा. आमच्याच वयाचा. १८६६ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवलेला. १८७० साली, समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानायच्या काळात, तो बोटीने इंग्लंडला गेला. व्हिक्टोरिया राणीला भेटला, महिनोन् महिने हिंडून सगळं पाहिलं आणि रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. त्याच्यासोबत गेलेल्या कॅप्टन वेस्टने ती १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली. परतीच्या वाटेवर युरोपातच आजारी पडला. तिकडे फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं. आजारी अवस्थेतच फ्लोरेन्सला आणलं आणि तिथेच संपला. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. त्यासाठी परवानगी काढावी लागली. मग त्याच्या माणसांनी आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली. आम्ही उभे होतो तो तोच संगम. परक्या मुलखात, रात्रीच्या वेळी, त्या माणसांनी आधी संगम शोधला असेल. प्रयाग चिखली त्यांच्याही डोळ्यांपुढे आली असेल काय?

गडहिंग्लजकर सायकलवरून उतरून कठड्याला धरून उभा होता. माझ्या मनात सकाळचं माझं वाक्य आलं. तू खोलीवरच थांब. त्या राजाच्या बरोबरच्या माणसांपैकी कुणी असं म्हणालं नव्हतं, हे नक्की. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

पेठकरने घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. आजोबा फोनवर आले. यानं दम लागल्यासारखं सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "व्हय की. राजाराम महाराज. इटलीत वारले. तुला म्हाईत न्हवतं?" आणि मग, "पाया पडलास का?"

पडलो. चौघेही पडलो.

ही छत्री १८७४ ची, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या जन्माच्या वर्षातली. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, हे परत आल्यावर वाचलं. मँट हा रॉयल इंजिनिअर्सचा, म्हणजे आपल्याच जातीचा माणूस. आता गंमत बघा. कोल्हापूरचा टाऊन हॉल मँटचा. सीपीआरची जुनी इमारत मँटची. नवा राजवाडा मँटचा. १८८४ साली तो पुरा झाला, तोवर मँट जाऊन तीन वर्षं झाली होती. सीपीआरच्या चौकात मी आजवर शेकडो वेळा रिक्षासाठी उभा राहिलो असेन, पाठ इमारतीकडे करून.

म्हणून परतल्यावर एका शनिवारी आम्ही टाऊन हॉलमध्ये गेलो. आत म्युझियम आहे. तिथे वीतभर उंचीची एक ब्रॉन्झची मूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव! पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात ती सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून व्यापाराच्या वाटेने इथवर आलेली. म्हणजे तिकडचा देव इकडच्या नदीकाठी निघाला, आणि इकडचा राजा तिकडच्या नदीकाठी राहिला. पेठकर त्या काचेपुढे पंधरा मिनिटं उभा होता. हे म्युझियम त्याच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे आणि तो शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच आत येत होता.

आता माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण कालपर्यंत ते माझंच होतं. एवढा पैसा घालून जायचं आणि बाकड्यावर बसून यायचं? नशीब म्हणून छत्री सापडली, नाहीतर काय? बरोबर आहे, नशिबानेच सापडली. पण अकरा पॉइंट करणाऱ्यांना ती सापडली नसती, हेही तितकंच बरोबर. ती कुठल्या यादीत नव्हती. ती सापडली कारण एकाचा पाय सुजला होता, एकाला पुलाचं वेड होतं आणि तिसऱ्याच्या शीटने जीव सोडला होता. आणि समजा नसती सापडली, तरी हूप स्ट्रेस समजला होता, पुराची रेघ बघितली होती, आणि सकाळी ज्याला मी खोलीत सोडून निघालो होतो तो दिवसभर आमच्याबरोबर होता. मला तेवढं पुरलं असतं.

सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. आपली एज्युकेशनल टूर दरवर्षी निघते. पाच दिवसांत चौदा ठिकाणं, बसमध्ये झोप, उतरलं की हजेरी, परत बस. एक दिवस कोरा ठेवून बघा. एका गावात सकाळी सोडा, संध्याकाळी हजेरी घ्या. काही पोरं झोपा काढतील, हे मान्य. मग बसमध्ये दुसरं काय करतात?

आणि हॉस्टेलच्या मंडळींना. येत्या शनिवारी आम्ही चौघे नवा राजवाडा बघायला चाललोय. सकाळी नऊला मेसच्या दाराशी. गडहिंग्लजकरचा पाय आता बरा आहे, पण त्याला सवय लागलीय, तेव्हा सायकल लागेल. कुणाकडे असली तर घेऊन या.